आधी काय आले? पिंपरी-चिंचवड ते चाकण : उपनगरे पारखण्याची दुसरी रीत

पिंपरी-चिंचवडमध्ये घर शोधणाऱ्या कुटुंबात तीन प्रश्न हमखास निघतात. चौरस फुटाचा भाव काय? हिंजवडी किंवा कंपनीचे गेट किती मिनिटांवर? आणि त्या भागात ‘डेव्हलपमेंट’ होतेय का? या तीन उत्तरांतून उपनगरांची एक उतरंड तयार झाली आहे. सर्वांत वर वाकड आणि पिंपळे सौदागर. त्याखाली रावेत, ताथवडे, पुनावळे. मग मोशी आणि चऱ्होली. तळाशी भोसरी, चिखली, तळवडे, दिघी ही ‘कामगारांची’ म्हणून बाजूला टाकलेली नावे. तळेगाव दाभाडे निवृत्तांसाठी राखून ठेवलेले. चाकण तर या उतरंडीत धरलेलेच नाही. तिथे कामाला जायचे असते, राहायला नाही, असे सगळ्यांनी मानून घेतले आहे.

ही उतरंड उथळ आहे. ती आज डोळ्यांना काय दिसते एवढेच मोजते. एखादे उपनगर राहण्याजोगे ठरते ते तिथे रस्ता, पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, मोकळी जागा, शाळा आणि घर या गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या यावरून. हा क्रम तपासला तर दुर्लक्षित म्हणून हिणवलेली काही उपनगरे वर येतात, काही चकचकीत उपनगरे खाली जातात. शिवाय ज्या चाकणच्या कमाईवर हा सगळा पट्टा उभा आहे, त्या चाकणवर अन्याय कसा झाला हेही स्पष्ट दिसते.

१. क्रमच का महत्त्वाचा?

उपनगरातल्या सोयी दोन प्रकारच्या असतात. काही नंतरही आणता येतात. मॉल, दवाखाना, पथदिवे, बसचा थांबा, बागेतली खेळणी, सोसायटीचा पोहण्याचा तलाव या गोष्टी पैसा आणि इच्छा असेल तर दहा वर्षांनीही होतात. काही गोष्टी मात्र घरे उभी राहिल्यावर आणता येत नाहीत, किंवा आणायच्या तर कुणाचे तरी घर पाडावे लागते. रस्त्याची रुंदी, नाल्याची वाट, नदीची पूररेषा, मैदानासाठी आणि शाळेसाठी राखलेली जमीन, जमिनीची निर्वेध मालकी ही त्यांतली मुख्य.

पहिल्या प्रकारच्या सोयी जाहिरातीत येतात, कारण त्यांचे छायाचित्र काढता येते. दुसऱ्या प्रकारच्या सोयी रोजच्या जगण्यात जाणवतात. रस्ता बारा मीटरचा की सहा मीटरचा यावर अग्निशमनाचा बंब आत येतो की नाही हे ठरते. मलनिस्सारण वाहिनी आहे की नाही यावर पावसाळ्यात तळमजल्यावर काय वाहते हे ठरते. भावात पहिल्या प्रकारची किंमत लागते, आयुष्यात दुसऱ्या प्रकारची. प्रचलित तुलनेची चूक इथे आहे.

म्हणून कसोटी एका प्रश्नाची आहे : इथे आधी काय आले? या प्रश्नाला पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पाच वेगवेगळी उत्तरे मिळतात.

२. आधी आराखडा : निगडी, इंद्रायणीनगर, संभाजीनगर

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली तेव्हा कारखान्याबरोबर वसाहत, शाळा आणि मैदान यांचाही विचार झाला. महाराष्ट्राला ही रीत नवी नव्हती. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली तेव्हा कारखाना आणि गाव एकत्रच उभे राहिले होते. पण १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले आणि कामगारांची संख्या कुठल्याही एका कंपनीच्या वसाहतीत मावेनाशी झाली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. पाठोपाठ १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. औद्योगिक कामगाराला परवडणारे, आखीव घर मिळावे हा त्यामागचा हेतू होता.

निगडी प्राधिकरणात फिरताना या क्रमाचा परिणाम समजतो. पेठा आधी आखल्या, रस्ते आधी पडले, शाळेचे आणि मंदिराचे भूखंड आधी ठरले, मग घरे आली. आज पन्नास वर्षांनीही तिथले आतले रस्ते दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करून वाहते राहतात. झाडे मोठी झाली आहेत, कारण त्यांना जागा ठेवली होती. आजोबांना भाजी आणायला आणि नातवाला शाळेत जायला गाडी लागत नाही.

हे फक्त निगडीत घडले असते तर प्रश्न पैशाचा म्हणता आला असता. पण भोसरीचे इंद्रायणीनगर याच प्राधिकरणाच्या पेठांपैकी आहे, आणि ‘भोसरी’ या नावामुळेच घर शोधणारा मध्यमवर्ग त्याच्याकडे वळत नाही. रुंद रस्ते, संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल, स्पाइन रोडची जोड आणि एमआयडीसीतली कंपनी सायकलच्या अंतरावर, हे सगळे तिथे आहे. चिंचवडजवळचे संभाजीनगर-शाहूनगर एमआयडीसीच्या निवासी भूखंडांवर वसले. महापालिकेचे बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय तिथेच आहे. तीन-चार मजली जुन्या इमारती, लिफ्ट नाही, क्लब हाऊस नाही. म्हणून हे भाग ‘जुने’ ठरतात. पण जे नंतर आणता येत नाही ते सगळे तिथे आधीच आहे.

या प्रकारातही दोष आहेत. प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. त्यामुळे विक्रीच्या आणि वारसनोंदीच्या वेळी कागदपत्रांचे वेगळे चक्र सुरू होते. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित करून त्याचा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिकेत वाटला गेला, तेव्हापासून कोणत्या कामासाठी कोणत्या दारात जायचे हाही प्रश्न वाढला. मात्र हे दोष कागदावरचे आहेत. सरकारने ठरवले तर ते दूर होतील. अरुंद रस्त्याचा दोष तसा दूर होत नाही.

३. आधी टॉवर : रावेत, पुनावळे, मोशी

१९९७ मध्ये अठरा गावे महापालिकेत आली आणि शहराची हद्द एका फटक्यात जवळपास दुप्पट झाली. वाकड, पुनावळे, रावेत, किवळे, मोशी, चऱ्होली, चिखली ही नावे तेव्हा शहराला जोडली गेली. ताथवडे २००९ मध्ये आले. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजारांवर गेली. वाढीचा मोठा भार या नव्या गावांनी उचलला.

कागदोपत्री इथे विकास आराखडा होता. प्रत्यक्षात आराखड्यातले रस्ते ताब्यात येण्याआधी इमारती उठल्या. पुनावळे आणि ताथवड्यात हजारो कुटुंबांचा रोजचा प्रवास महामार्गाखालच्या अरुंद भुयारी मार्गांतून होतो. मोठ्या पावसात त्यांत पाणी साचते. बावीस मजल्यांच्या इमारतीला जाणारा रस्ता काही ठिकाणी अजून शेताच्या बांधाचे वळण घेतो, कारण त्या बांधाची जमीन संपादितच झालेली नाही.

पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. धरणातून ते नदीत सोडले जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध केले जाते. ते बंद वाहिनीतून थेट आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला. योजना वर्षानुवर्षे रखडली. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून २६७ दशलक्ष लिटर रोजचा कोटा शहरासाठी मंजूर आहे. आंद्राचे पाणी निघोज्याच्या बंधाऱ्यावरून चिखलीत येऊ लागले, भामा आसखेडच्या वाहिनीचे काम लांबत गेले. या सगळ्या काळात नव्या इमारतींचे परवाने थांबले नाहीत. महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत सोसायटीची तहान आपण भागवू, असे हमीपत्र बिल्डरकडून घेण्याची पद्धत पडली. प्रत्यक्षात ती हमी टँकरच्या बिलाच्या रूपाने रहिवाशांच्या मासिक देखभाल खर्चात येऊन बसली.

ही रक्कम चौरस फुटाच्या भावात कुठेच दिसत नाही. घर घेणारा हप्त्याचा हिशोब करतो, टँकरचा करत नाही.

मोशीचे उदाहरण वेगळ्या अंगाने बोलके आहे. शहराचा कचरा कित्येक वर्षांपासून मोशीच्या डेपोत जातो. डेपो आधी होता, त्याच्या आसपासच्या उंच इमारती नंतर आल्या. २०२३ मध्ये तिथे कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला, ही चांगलीच गोष्ट. पण दुसऱ्या डेपोसाठी पुनावळ्यात राखलेल्या जागेला तिथल्या सोसायट्यांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत मागे पडला. पुनावळ्यातल्या रहिवाशांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आरक्षण जुने आणि घरे नवी असली तरी त्यांना घर विकताना ते ठळकपणे कुणी सांगितले नव्हते. मात्र त्याचा परिणाम असा की एका शहराचा कचरा एकाच उपनगराच्या नाकाशी राहिला.

४. आधी गुंठा : चिखली, तळवडे, दिघी

उतरंडीच्या तळाशी ज्यांना टाकले जाते, त्यांच्याबद्दलचा प्रचलित समज निम्मा बरोबर आहे. चिखली, तळवडे, रुपीनगर, दिघी, थेरगाव-वाल्हेकरवाडीचा काही भाग इथे शेतकऱ्याने गुंठा-दीड गुंठा विकला, कामगाराने त्यावर आधी दोन खोल्या बांधल्या, मग वर दोन काढून भाड्याने दिल्या. नकाशा मंजूर नव्हता, रस्ता शेजाऱ्याने सोडला तेवढाच.

तरी या वस्त्या नुसत्या ‘अनधिकृत’ म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. ज्या कामगारासाठी प्राधिकरण स्थापन झाले, त्याच्या वाट्याला प्राधिकरणाची घरे फार थोडी आली. प्राधिकरणासाठी ज्यांच्या जमिनी १९७२ ते १९८३ या काळात गेल्या, त्या शेतकऱ्यांना परतावा मिळण्यासाठी दशके वाट पाहावी लागली. म्हणून संपादित क्षेत्रावरही गुंठ्यांची विक्री झाली. आराखडा वेळेवर जमिनीवर उतरला नाही तर त्याची जागा गुंठेवारी घेते, आणि गुंठा घेणारा माणूस गुन्हेगार नसतो. त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

या वस्त्यांत एक गुण आहे, जो टॉवरच्या उपनगरांत दुर्मीळ आहे. तळमजल्यावर दुकान, मागे पिठाची गिरणी, वरच्या मजल्यावर बीडचा किंवा लातूरचा भाडेकरू, पलीकडे शाळा. सगळे पायी. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघणाऱ्याला चहा मिळतो आणि सेकंड शिफ्टहून रात्री परतणारीला रस्त्यावर माणसे दिसतात.

पण धोका खरा आहे आणि तो लपवण्यात कुणाचेच हित नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे तळवडे, रुपीनगर, निगडी आणि चिखलीचा काही भाग बांधकामबंदीच्या रेड झोनमध्ये येतो. दिघीच्या मॅगझिन डेपोचा स्वतंत्र रेड झोन आहे. तिथले घर बँक तारण घेत नाही, व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर चालतात, आणि पुढच्या पिढीला वारशात वाद मिळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीतली हजारो भंगार दुकाने, गोदामे आणि लघुउद्योग महापालिकेने जमीनदोस्त केले. त्याच वर्षी १७ मे रोजी चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. ते बंगले झोपडीवजा नव्हते, आयुष्याची पुंजी घालून बांधले होते. एकाच गावात गरिबाचे गोदाम आणि मध्यमवर्गीयाचा बंगला दोन्ही पडले, कारण दोन्हीकडे बांधकाम आधी झाले आणि जमिनीची चौकशी नंतर.

म्हणून ‘चिखली’ किंवा ‘दिघी’ असे सरसकट नाव घेऊन चांगले-वाईट ठरवणे निरर्थक आहे. चिखलीतच प्राधिकरणाच्या आखीव पेठा आहेत, पेठ १७ आणि १९ मधील घरकुल आहे, आणि दोन फर्लांगांवर पूररेषेतले प्लॉटिंगही आहे. तुलना गावाच्या नावाने न करता गटाच्या क्रमांकाने करावी लागते.

५. आधी गाव : तळेगाव दाभाडे

या पट्ट्यात काही ठिकाणे कारखान्यांच्या आधीपासून गावे होती, आणि त्यांत तळेगाव दाभाडे सर्वांत महत्त्वाचे. दाभाडे सरदारांचे हे गाव, जुन्या काळापासूनची नगरपरिषद आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्टेशन. पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात १९०८ साली उभा राहिला. सामान्य माणसाच्या एकेका पैशातून उद्योग उभारण्याचा तो प्रयोग होता. म्हणजे उद्योग इथे नवखा नाही, पण तो गावाला गिळून टाकणारा नव्हता.

तळेगावला ‘विकेंड’चे किंवा निवृत्तीचे ठिकाण मानले जाते, हा त्याच्याबद्दलचा मोठा गैरसमज आहे. १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल कामगाराला आणि विद्यार्थ्याला स्वस्तात शहराशी जोडते. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, शिवाजीनगर ही स्टेशने एकाच गाडीत. एका बाजूला तळेगाव एमआयडीसी, दुसऱ्या रस्त्याने चाकण. बाजारपेठ, शाळा, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तळे. ज्या घरात एक जण चाकणला, दुसरी पिंपरीत आणि मुलगा शिवाजीनगरला कॉलेजात जातो, त्या घरासाठी या पट्ट्यात तळेगावच्या स्टेशन भागाइतकी सोयीची जागा विरळा.

लोकलच्या दुपारच्या फेऱ्या विरळ आहेत, आणि तळेगाव-चाकण रस्ता अवजड वाहनांनी धोक्याचा झाला आहे. शिवाय गावाबाहेरच्या नव्या गृहप्रकल्पांत रावेतचीच चूक पुन्हा होऊ लागली आहे. तळेगावची ताकद जुन्या गावात आणि स्टेशन परिसरात आहे. डोंगर दाखवणाऱ्या, पण स्टेशनपासून पाच किलोमीटर दूरच्या टॉवरमध्ये ती मिळत नाही.

६. आधी कारखाना, वसाहत कधीच नाही : चाकण

१६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही चाकणची जुनी ओळख. नवी ओळख गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली. बजाज आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे प्रकल्प सुरू झाले, महिंद्र आली आणि त्यांच्यामागे शेकडो पुरवठादार. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, आंबेठाण, वराळे ही नावे आता मोटार उद्योगाच्या नकाशावर आहेत.

२०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजार होती. या पट्ट्यात कामाला येणाऱ्यांची गर्दी त्या आकड्यात कधीच मावणारी नव्हती. कंपनी बस निगडी, भोसरी, चिंचवडहून कायम कामगारांना आणते. ठेकेदाराकडचा, शिकाऊ किंवा हंगामी कामगार मात्र चाकणभोवतीच्या खोल्यांत राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण शिफ्टप्रमाणे झोपतात, जेवण मेसचे, पाणी बोअरचे किंवा टँकरचे. एमआयडीसी आपल्या भूखंडांना पाणी, वीज, रस्ता देते. कुंपणाबाहेरच्या खोलीला ते देण्याची जबाबदारी तिची नाही. ती कुणाची? काही भाग चाकण नगरपरिषदेचा, काही ग्रामपंचायतींचा, बांधकाम परवानगी बहुतांशी पीएमआरडीएची, महामार्ग केंद्राचा. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची हद्द मात्र चाकण, आळंदी, देहू, तळेगाव सगळ्यांना कवेत घेते. गुन्हा नोंदवताना हा पट्टा एक शहर ठरतो आणि गटार बांधताना पंचवीस गावे होतो.

हिंजवडीचा आजार हाच आहे. आयटी पार्क एमआयडीसीचा, वस्ती ग्रामपंचायतीची, तुंबलेला रस्ता कुणाचाच नाही. फरक एवढाच की हिंजवडीचा नोकरदार गाऱ्हाणे मांडतो तेव्हा ते राष्ट्रीय बातमी होते, खराबवाडीच्या खोलीतले गाऱ्हाणे मालकापर्यंतही पोहोचत नाही.

हे अटळ नव्हते. राज्याला दुसरी रीत माहीत होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योगांच्या जोडीला आखीव निवासी वसाहती वसवल्या. त्याच जिल्ह्यातल्या शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक प्रकल्पात तर उद्योगाच्या आराखड्यातच घरे, शाळा, रुग्णालये आणि मोकळ्या जागा धरल्या आहेत. चाकणला मात्र टप्प्यामागून टप्पे आखले गेले ते फक्त कारखान्यांसाठी. घरांचा टप्पा आखलाच नाही.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप : आखीव भाग महाग आहेत, सामान्य माणसाला निवडच नाही. निगडी प्राधिकरणाबाबत हे खरे आहे. पण महागाईचे कारण टंचाई आहे. १९७२ नंतर त्या दर्जाच्या पेठा पुरेशा झाल्याच नाहीत. शिवाय इंद्रायणीनगर किंवा संभाजीनगरातला जुन्या इमारतीतला फ्लॅट आणि पुनावळ्यातला नवा फ्लॅट यांची तुलना करताना देखभाल, टँकर, दुसरी दुचाकी आणि शाळेच्या बसचा खर्च धरला, तर अंतर पुष्कळ कमी होते. लिफ्टचा अभाव ही मात्र वृद्धांसाठी खरी अडचण आहे, तिला उत्तर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे आहे.

दुसरा आक्षेप : सोयी हळूहळू येतातच, वाकडही एकेकाळी शेतच होते. काही सोयी येतात. मेट्रो मार्च २०२२ मध्ये पिंपरीत आली, निगडीपर्यंतच्या विस्ताराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण चाकणच्या विमानतळाचे काय झाले हेही आठवावे. वर्षानुवर्षे त्याच्या नावावर जमिनी विकल्या गेल्या आणि शेवटी तो पुरंदरकडे वळला. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग अजून बदलतोच आहे. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,८२७ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो झाला तर चाकणचा प्रवास सुसह्य होईल. तरीही उन्नत मार्ग चाकणच्या तळेगाव चौकावरून जाईल, त्या चौकाखालची गटारे तो बांधणार नाही.

तिसरा आक्षेप : चाकणच्या कामगाराला तिथे कुटुंब आणायचेच नसते, तो पैसे साठवून गावी पाठवतो. काही जणांबाबत हे खरे असेल. पण पिंपरी-चिंचवडचा इतिहास उलटे सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांत सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून एकटा आलेला कामगार शाळा आणि घर मिळाल्यावर इथलाच झाला. त्याच्या मुलांनीच आजचे शहर घडवले. चाकणच्या कामगाराला कुटुंब नको असते असे म्हणण्याआधी त्याला कुटुंब आणण्याजोगी खोली आणि सहा महिन्यांपलीकडची नोकरी देऊन पाहावी.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : आखीव नगरासाठी शेतकऱ्याची जमीन जाते, आणि प्राधिकरणाने त्याला न्याय दिला नाही. तो मान्य करावाच लागतो. मात्र त्याचा निष्कर्ष ‘आखणी नको’ असा निघत नाही. जमीनमालकाला सुरुवातीलाच विकसित भूखंडाचा वाटा देणाऱ्या नगररचना योजना कायद्यात आहेत. परतावा पन्नास वर्षांनी देण्याऐवजी आखणीच्या दिवशी नोंदवला, तर शेतकरी आराखड्याचा शत्रू राहत नाही.

८. निवड कशी व्हावी, आणि मागणी काय असावी

चाकण आणि भोवतालच्या गावांची महापालिका करण्याचा विचार राज्य सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखवला. त्यावर चाललेली चर्चा कर किती वाढेल आणि सत्ता कुणाची येईल यांभोवतीच फिरते. खरा मुद्दा क्रमाचा आहे. स्थानिक सत्ता येण्याआधी पीएमआरडीएने आणखी किती इमारतींना परवाने दिलेले असतील? महाळुंगे, आंबेठाण, कुरुळी, निघोजे यांच्या मधल्या पट्ट्यात अजून शेती शिल्लक आहे. रस्त्यांची रुंदी, मलनिस्सारणाची वाट, शाळांचे आणि भाड्याच्या कामगार-घरांचे भूखंड आजच निश्चित झाले पाहिजेत, आणि एमआयडीसीने पुढच्या प्रत्येक टप्प्यात निवासी क्षेत्र व त्याचे पाणी बंधनकारक धरले पाहिजे. कारखान्याला पाण्याचे कनेक्शन देताना त्याच्या ठेकेदाराचा कामगार कुठे राहतो हे विचारण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरायला हवा.

घर शोधणाऱ्या कुटुंबाने यासाठी थांबायची गरज नाही. कोणत्याही उपनगरात जाताना नमुना फ्लॅट पाहण्याआधी चार गोष्टी मागाव्यात : गट क्रमांकासह विकास आराखड्याचा नकाशा, पूररेषेचा आणि रेड झोनचा नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि शेजारच्या दोन वर्षे जुन्या सोसायटीची उन्हाळ्यातली टँकरची बिले. मग त्या परिसरात आठ वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी गाडीविना कुठवर जाऊ शकतात हे चालून पाहावे.

या कसोटीवर आज क्रम असा लागतो. भोसरी एमआयडीसी किंवा चाकणला जाणाऱ्या, मध्यम कमाईच्या कुटुंबासाठी इंद्रायणीनगर. पिंपरी-आकुर्डी भागातल्या नोकरीसाठी संभाजीनगर-शाहूनगर. दोन दिशांना कामाला जाणाऱ्या घरासाठी तळेगावचा स्टेशन परिसर. त्यानंतर मोशी आणि चिखलीतल्या फक्त प्राधिकरणाच्या पेठा. रावेत आणि पुनावळे पाण्याची वाहिनी आणि रस्ते प्रत्यक्ष ताब्यात आल्यावर, इमारतीगणिक तपासून. पूररेषेतले आणि रेड झोनमधले काहीही, भाव कितीही कमी असला तरी, नको. चाकणमध्ये आज घर घ्यावे अशी शिफारस करता येत नाही. पण तिथल्या कामगाराला पुढची पाच वर्षे तिथेच राहायचे आहे, म्हणून चाकणसाठीची मागणी या यादीतल्या कुठल्याही घराच्या निवडीइतकीच तातडीची आहे.